ठिपकी चालली बाजाराला

एक होती ठिपकी मांजर. एवढीशी. पांढरी पांढरी, पाठीवर एकच काळा ठिपका.

ठिपकीने वेताची खुर्ची खरवडली. खर्र खर्र. वेत तुटला, खुर्ची फाटली.

आई वैतागली. "पुरे झालं तुझं. ऊन उतरलं की पिशवीत घालते आणि बाजारात सोडून येते."

दार लागलं. ठिपकी बाहेर. आत आईची छोटी यमू मुळूमुळू रडत बसली. यमूची ना ती, लाडाची ठिपकी.

ठिपकीलाही रडू आलं. नखं तर शिवशिवतात. करणार काय बिचारी?

टुपटुप टुपटुप. अंगणात होता कपडे वाळत घालायचा खांब.

"खांबा खांबा, नखं घासू दे. नाहीतर ठिपकी चालली बाजाराला."

"मी गुळगुळीत. नखं घसरतील. काथ्याची दोरी गुंडाळ, मग घास."

टुपटुप टुपटुप. परसात होता काथ्याचा ढीग.

"काथ्या काथ्या, दोरी हो. काथ्या खांबाला, खांब नखांना. नाहीतर ठिपकी चालली बाजाराला."

"मी कोरडा. कोरडा काथ्या वळत नाही बाई. पाणी आण."

टुपटुप टुपटुप. आली विहीर.

"विहीरबाई विहीरबाई, पाणी दे. पाणी काथ्याला, काथ्या खांबाला, खांब नखांना. नाहीतर ठिपकी चालली बाजाराला."

"पाणी खोल आहे गं. कळशी आण."

टुपटुप टुपटुप. काठावरच होती कळशी.

"कळशीबाई कळशीबाई, चल ना. कळशी विहिरीला, पाणी काथ्याला, काथ्या खांबाला, खांब नखांना. नाहीतर ठिपकी चालली बाजाराला."

"मला कुठले पाय? उचलणारे हात आण."

ऊन उतरायला लागलं. ठिपकीचे पाय दुखले. टुपटुप... टुपटुप...

शेजारच्या पायरीवर भागीकाकू बसल्या होत्या. गप्प गप्प.

"भागीकाकू भागीकाकू, उठा ना. हात कळशीला, कळशी विहिरीला, पाणी काथ्याला, काथ्या खांबाला, खांब नखांना. नाहीतर ठिपकी चालली बाजाराला."

"कशी उठू गं बाळा? माझा म्हातारा बोका गेला. मांडी रिकामी झाली. हात चालतच नाहीत."

मग ठिपकीने काय केलं? नखं घेतली आत. पंजे केले मऊ मऊ. हळूच चढली काकूंच्या मांडीवर. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. टप. टप. ठिपकीचं डोकं भिजलं. ती हलली नाही. काकू खूप खूप रडल्या. मग पदराने डोळे पुसले, आणि उठल्या.

हातांनी उचलली कळशी. कळशी गेली विहिरीत, बुडुक बुडुक. पाणी पडलं काथ्यावर, छप छप. काथ्या वळला, सुर्र सुर्र, झाली दोरी. दोरी बसली खांबाला, गरगर गरगर. आणि खांबाला लागली ठिपकीची नखं. खर्र खर्र खर्र!

तेवढ्यात आई आली. हातात पिशवी.

आईने खांब पाहिला, ठिपकी पाहिली. जवळ जाऊन खाली बसली.

"मी रागावले तुला. पण नखं घासायला जागाच दिली नव्हती गं." आईने पिशवीची घडी घातली आणि दार उघडलं. यमू धावत आली. ठिपकीला तिने पोटाशी धरलं.

भागीकाकू घरी निघाल्या. हळूहळू, एकट्या.

ठिपकीने पाहिलं. यमूच्या हातातून उडी मारली. टुपटुप टुपटुप, काकूंच्या मागे.

यमूचे ओठ थरथरले. आई म्हणाली, "बसू दे तिला जरा तिकडे. येईल हं."

दिवेलागणीला ठिपकी आली. यमूच्या कुशीत शिरली.

तिकडे काकूंच्या लुगड्याला पांढरे पांढरे केस चिकटले होते. काकूंनी ते झटकले नाहीत.