तुपट्याचे मार्क

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा एका प्रयोगशाळेत उंदरांना तुपाचे गोळे आयते मिळत. तिथे शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत तुपट्या उंदीर आणि भुरकी उंदरीण राहत. तुपट्याचा गोळा निव्वळ तुपाचा. भुरकीच्या गोळ्यात मात्र संशोधक ताम्हाणेबाई इसबगोल कालवत.

“तुपात भुसा खातेस?” तुपट्या खिदळायचा.

“खाते की! बाई म्हणतात, तो पोटातलं पित्त धरून बाहेर नेतो. मग नवं पित्त करायला अंग रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरून टाकतं.”

दर सोमवारी बाई दोघांचं थेंबभर रक्त तपासत आणि कोलेस्टेरॉलचा आकडा मोठ्याने वाचत. “तुपट्या, दोनशे चाळीस. भुरकी, ऐंशी.”

“पुन्हा माझाच पहिला नंबर!” तुपट्या मिशा पिळायचा. पण पळायच्या चाकावर चढला की अर्ध्या फेरीतच त्याला धाप लागायची. भुरकी मात्र गरगर पळत राहायची.

एके दिवशी बाईंनी तुपट्याच्याही गोळ्यात इसबगोल कालवला. महिन्याभराने त्याचा आकडा आला शंभर.

“नापास केलं मला!” तुपट्या चिडून चाकावर चढला आणि पळत सुटला. राग ओसरल्यावर तो थांबला, तेव्हा भुरकी ओरडली, “अरे, साठ फेऱ्या मारल्यास!”

तुपट्याने छातीवर पंजा ठेवून पाहिला. धाप लागली नव्हती.

मग मिशा पिळत तो म्हणाला, “भुरके, पुढच्या सोमवारी बघच. तुझ्यापेक्षा कमी मार्क पाडून दाखवतो!”