बारकं अडवणारं, मोठं सोडणारं जाळं

मानाच्या माशाच्या पोटातून निळे दाणे निघाले, तेही थेट महाराजांच्या दाताखाली!

हंगामात चंदनी नदीत सापडलेला पहिला मासा राजवाड्यात पाठवायचा, तो पोट न चिरता अख्खा भाजायचा आणि महाराज रणधवलांनी तो भर दरबारात खायचा, असा रिवाज होता. यंदा पहिल्याच घासाला कचकच झाली. महाराजांनी तोंडातून निळे दाणे काढून ताटात ठेवले. मासा आणणाऱ्या कोंडाजी भोयाला शिपायांनी घाटावरूनच उचललं. वजन वाढवायला त्याने माशाच्या पोटात कचरा भरला, असा आरोप होता. कोंडाजीला एवढं सुचणं शक्य नव्हतं, पण तसं विचारायची पद्धत नव्हती.

त्याची मुलगी हौसा तडक दरबारात आली.

"महाराज, ह्ये दाणं माझ्या बानं भरलं न्हाईत. ह्ये तुमच्या न्हाणीतनं आल्यात!"

"माझ्या न्हाणीतून?"

"व्हय जी. तुमी त्वांड धुता, पानी मोरीतनं नाल्यात, नाल्यातनं नदीत. माशाला वाटतं, अंडीच हायेत. खातो बिचारा. प्वाट भरतं, पर अंगाला काय बी लागत न्हाई. नदीत निस्तं वाळकं मासं राह्यल्यात."

महाराजांनी केसरशेठकडे पाहिलं. हा अत्तरांचा व्यापारी. महाराजांसाठी त्याने परमुलखातून उटणं आणलं होतं, त्यात निळे बारीक दाणे. ते घासल्याने महाराजांचा चेहरा चकाकू लागला, मग राणीसाहेबांचा, मग प्रधानजींचा. सध्या हे उटणं वाड्यापुरतंच होतं, पण साऱ्या नगरासाठी शेठने गाडीभर बरण्या मागवल्या होत्या.

"शेठ, हे दाणे कसले?"

"प्लॅस्टिकचे, महाराज. फार टिकाऊ वस्तू! कुजत नाही, विरघळत नाही."

"आणि नदीत गेल्यावर?"

"तिथेही टिकते, महाराज!" शेठ अभिमानाने म्हणाला.

पंचाईत झाली. पोरीचं म्हणणं खरं दिसत होतं, पण चकाकता चेहरा सोडवेना. अशा वेळी राजे लोक करतात तेच महाराजांनी केलं. ते चिडले.

"माझं उटणं बंद होणार नाही! तुम्ही भोई जाळी विणता ना? मग असं जाळं लाव, की न्हाणीतला एकही दाणा नदीत जाता कामा नये, पण मोठ्यात मोठा मासा मोकळा पोहला पाहिजे. आणि पाणी क्षणभरही अडायचं नाही. सोमवारपर्यंत! नाही जमलं तर तुझा बाप कोठडीत, आणि तुम्ही सगळे भोई नदीकाठ सोडायचा!"

"बारकं अडवायचं आन् मोठं सोडायचं? दुनियेतली समदी जाळी उलटं करत्यात, महाराज!"

"म्हणून तर सांगितलं."

"बरं. पर जाळं कुठं लावायचं, ते आमी ठरवायचं का?"

"ते तुमचं काम. मी त्यात नाक खुपसत नाही."

हौसाच्या चुलत्याने धीर धरला नाही. जुनी लुगडी जोडून त्याने नाल्याच्या तोंडाशी आडवी बांधली. दाणे अडले. मग गाळ अडला, पाला अडला, मासे अडले आणि शेवटी पाणीच अडलं. ते उलटं फिरून परटांच्या घाटावर चढलं. तिथे वाळत घातलेली सेनापतींची सुरवार वाहत जाऊन लगतच्या गावात सापडली. चुलता घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

हौसाने नाल्यातली लुगडी सोडली, उरलेल्या लुगड्याचा हातभर तुकडा उचलला आणि ती निघाली.

सोमवारी सकाळी महाराज दरबारासह नाल्यावर आले. पाणी खळखळ वाहत होतं. मासे मजेत होते. प्रधानजींनी ओंजळ भरभरून पाहिलं, वाड्याकडून निळा दाणा एकही येत नव्हता. जाळंही कुठे दिसत नव्हतं.

"जाळं कुठे आहे?"

"तुमच्या न्हाणीत, महाराज!"

सगळे न्हाणीत गेले. कोनाड्यात उटण्याची बरणी होती. तिच्या तोंडावर लुगड्याचा तुकडा भोयांच्या पक्क्या गाठीने करकचून आवळलेला होता. मोरी उपसून वैतागलेल्या न्हाणीवालीने पहाटेच हौसाला दार उघडून दिलं होतं.

"अगं, हे नदीत लावायचं होतं!"

"दाण्यांची नदी हितनंच निघती, महाराज. खाली अडवली तर समदंच अडतंय. हितं बांधलं, तर निस्ता दाणा अडतोय. मासा मोकळा, पानी मोकळं. बघा की, काय चुकलं!"

महाराजांनी गाठ ओढून पाहिली. सुटेना. त्यांनी आरशात पाहिलं.

"आणि माझ्या चेहऱ्याचं काय?"

"मसुराची डाळ भरडून लावा जी. त्वांड बी चकाकंल, आन् धुतल्याली डाळ मासं आवडीनं खातील."

महाराजांना हे पटलं, कपाळावरच्या आठ्या गेल्या. ते म्हणाले, "प्लॅस्टिकच्या दाण्यांचं उटणं आजपासून या राज्यात बंद! कोंडाजीला सोडा!"

हौसाचा जीव भांड्यात पडला. केसरशेठचा मात्र उडाला.

"महाराज, माझी गाडी वेशीवर उभी आहे! एवढ्या बरण्या कुठे नेऊ?"

"धोंडगडच्या राजाला विक. त्याच्या तोंडाला गरज आहे."

शेठ खूश होऊन निघाला. तेवढ्यात हौसा खाकरली.

"महाराज, धोंडगड चंदनीच्या वरल्या अंगाला हाय जी."

"मग?"

"मग त्वांड त्येंचं चकाकंल, आन् दाणं तुमच्या दाताखाली येतील!"

महाराज गालावर हात धरून इतके हसले, की प्रधानजींना त्यांना चौरंगावर बसवावं लागलं. हसू आवरल्यावर त्यांनी शेठची गाडी वेशीवरच जप्त केली, नदीचा हक्क भोयांच्या नावे कायमचा करून दिला आणि हौसाला नवी होडी दिली. त्याच दुपारी धोंडगडच्या राजाकडे मसुराचं एक पोतं भेट म्हणून रवाना झालं, आणि त्याच्यासोबत बोलणी करायला राज्याची वकील म्हणून हौसा गेली, पालखीत बसून!