शकुनाच्या जेवणाला बसलेला कोल्हा

डोंगराच्या पायथ्याशी एका रानात एक कुत्रा राहत असे. त्याला पक्षी बघायचा नाद होता. बघायचा, मुलांनो, खायचा नाही. पण हे कुणालाच पटायचं नाही. तो झाडाखाली शांत बसला, की साळुंक्या वरून ओरडायच्या, "बसलाय बघा कसा साळसूद! पोट बिघडलं असेल मेल्याचं!" कुत्रा गप्प राहायचा. बोललं की पक्षी उडतात, एवढं त्याला कळत होतं. सगळे बघून झाले होते, फक्त भारद्वाज राहिला होता. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, गोडाचं जेवण मिळतं, असं सगळं रान म्हणायचं. कुत्र्याला जेवणाचं काही नव्हतं. त्याला ते तांबूस पंख आणि गुंजेसारखे लाल डोळे एकदा नीट बघायचे होते.

दसरा उलटून गेला होता. ऊन चटचटत होतं, गवत पिवळं पडायला लागलं होतं. अशा एका दुपारी कुत्रा डोंगर चढू लागला, तर वाटेत कोल्हा भेटला. "मलाही ने ना दादा," कोल्हा म्हणाला. "कालपासून उपाशी आहे. शकुन झाला तर पोटात काहीतरी पडेल." कुत्र्याला बरं वाटलं. इतक्या दिवसांत बरोबर येतो म्हणणारा हा पहिलाच. "चल," तो म्हणाला, "पण बोलायचं नाही, पळायचं नाही." बाभळीवरून कावळा ओरडला, "कुत्रा नि कोल्हा जोडीनं! कुणाच्या लग्नाला निघालात रे?"

चढ संपला तिथे घाणेरीच्या जाळीत काहीतरी हललं. भारद्वाज! गोगलगाय शोधत तो ऐटीत चालला होता. कुत्र्याने श्वास रोखला. कोल्ह्याने रोखला नाही. त्याने झेप घेतली आणि भारद्वाजाला पंजाखाली दाबलं. "दिसलाही आणि मिळालाही! काय झटपट शकुन आहे!" भारद्वाज पंजाखालून म्हणाला, "सकाळी कुणाचं तोंड बघितलं होतं कोण जाणे!"

ह्या उपाशी पाहुण्याला इथवर कुत्र्यानेच आणलं होतं. भुंकावं, तर कोल्हा पहिला घास आधी घेणार. म्हणून तो शेजारी बसला आणि सहज म्हणाला, "खा बापडा. फक्त मग शकुन संपला. मूठभर पिसं म्हणजेच तुझं गोडाचं जेवण."

कोल्हा थबकला. "आणि सोडला तर?"

"तर जेवण यायचं बाकी राहिलं. बकरी येईल, कोंबडी येईल, मी कसं सांगू? ज्याने पाहिलं त्याच्या तोंडात आपोआप येतं."

"पण डोळे मिटून बसावं लागतं," भारद्वाज घाईने म्हणाला. "उघडे ठेवलेस तर मी पुन्हा दिसेन, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

कोल्ह्याला हे एकदम पटलं. त्याने पंजा उचलला, डोळे मिटले आणि आ वासून बसला. भारद्वाज उडून उंच फांदीवर गेला. कुत्र्याने मान वर करून त्याला पोटभर बघितलं. तांबूस पंख, लाल डोळे, सगळं. मग त्याने हळूच विचारलं, "तुला बघून खरंच दिवस चांगला जातो का रे?"

"काय माहीत," भारद्वाज म्हणाला. "मी कुठे मला बघतो?"

संध्याकाळपर्यंत कोल्ह्याच्या तोंडात आपोआप काय आलं, तर माश्या. त्याही वेडा राघू नावाच्या एका माशीखाऊ पक्ष्याने आत चोच घालून टिपल्या. राघूला कुणी शकुनाचं सांगितलं नव्हतं. तो आपला रोजच्यासारखा पोट भरायला निघाला होता.

तात्पर्य : शकुन जरूर बघावा, पण त्याच्या भरवशावर तोंड उघडून बसू नये, आणि पक्षी बघायला जाताना सोबती जेवून आलाय ना, हे आधी विचारावं.