उद्यापन नसलेला वसा

ऐका भूकमाई, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, लेकरं मांडीवर घ्या, आणि पुढ्यातल्या फुटाण्यांना कहाणी होईपर्यंत हात लावू नका. जिला तेवढंही जमत नसेल, तिच्यासाठीच ही कहाणी आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी नगर होतं. कहाण्यांतली नगरं असतात तसंच आटपाट होतं. डोंगरावर देवीचं देऊळ होतं, पायथ्याला बारव होती. नगरात एक हलवाई होता, त्याची बायको बनाबाई. घरात सदा तुपाचा वास, कढईत सदा पाक. बनाबाईनं सकाळी उठावं, चूल पेटवावी, खवा परतावा, चव बघावी. पाकाला तार आली का बघायला दोन बोटांत थेंब धरावा, बोटं मिटावीत, उघडावीत, आणि मग चाटून टाकावीत. दुपारी जिलेबीची चव, संध्याकाळी बालूशाहीची चव. जेवणं वेगळी. कोणी म्हटलं, बनाबाई किती खातेस, तर ती अगदी मनापासून म्हणे, मी कुठं खाते, मी चव बघते.

त्या नगराची एक रीत होती. चैत्रात देवीच्या न्हाणाच्या दिवशी बारवेचं पाणी घागरीत भरावं. हलवायाच्या घरच्या सुनेनं ती घागर डोक्यावर घेऊन डोंगर चढावा. वाटेत थांबावं, उभ्यानं दम घ्यावा, पण घागर टेकू नये, दुसरीच्या हाती देऊ नये. टेकली तर मान गेला. सासूनं तो मान आयुष्यभर राखला. मग तिचे गुडघे धरले. तिनं आपला चांदीचा कमरपट्टा सुनेला दिला, म्हणाली, आता तू चढ.

पट्टा बनाबाईच्या कमरेला येईना. तशीच ती निघाली. अर्धा डोंगर चढली. पिंपळाच्या पारापाशी छाती भरून आली, पाय लटलटले, डोळ्यांपुढं अंधारी आली. बनाबाई पारावर बसली आणि घागर टेकली. गुरवानं घागर उचलून वर नेली आणि सांगून टाकलं की देवी एकदा पोटात घालते, दुसऱ्यांदा घालत नाही. पुन्हा घागर टेकली तर मान सोनाराच्या घरी जाईल.

मग सोनारीण भेटली. सोनारणीची जीभ मोठी धारदार. म्हणाली, "बनाबाई, पट्टा पाठव आमच्याकडं. चार कड्या वाढवून देते."

बनाबाई हसली, पण घरी येईपर्यंत ते हसू टिकलं नाही. ती बारवेवर गेली आणि पायरीवर बसून रडली. तिथं एक म्हातारी बसली होती. पुढ्यात केळीचं पान, पान रिकामं, आणि चेहरा मात्र जेवून उठल्यासारखा. बनाबाईनं विचारलं, "आजी, रिकाम्या पानापुढं काय करता?"

"वसा वसते."

"मला सांगा. मीही वसेन."

"तुला कशाला? अंग उतरेपर्यंत धरशील. अंग उतरलं की उतशील, मातशील, टाकून देशील."

"उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "भूकमाई म्हणून एक पाहुणी आहे. रोज येते, पण तिच्या वेळेनं येते. दिवस माथ्यावर आला की तिचं पान मांडावं. भाकरी वाढावी, भाजी वाढावी, वरणभात वाढावा, पोटभर जेवावं. दिवेलागण झाली की पान उचलावं. मग पुन्हा दिवस माथ्यावर येईपर्यंत पाणी प्यावं आणि तिची वाट बघावी. ती यायच्या आधी वाढलेलं पान तिचं नव्हे. पोटुशीनं, अंगावर पाजणारीनं, आजाऱ्यानं हा वसा धरू नये. तू धडधाकट आहेस, तू धर."

बनाबाईनं वसा धरला. पाकाची तार बघावी आणि बोटं ओल्या फडक्याला पुसावीत. चव नवऱ्यानं बघावी. आधी सकाळी पोट ओरडे, मग नुसतं बोले, मग गप्प वाट बघे. भाकरीला इतकी चव असते हे तिला हलवायाच्या घरात येऊन कधी कळलं नव्हतं. महिने गेले. पट्टा कमरेला आला, त्याचा फासा कडीत बसला. चैत्र आला. बनाबाईनं घागर घेतली आणि चढली. पार मागं टाकला. वर जाऊन घागर देवीपुढं रिती केली. नगरात वाजतगाजत आली.

आता ऐका, बाई कुठं चुकली.

साऱ्या बायका म्हणाल्या, वसा फळला, उद्यापन कर. बनाबाईलाही तेच ठाऊक. सोळा सोमवार झाले की उद्यापन, मंगळागौर झाली की उद्यापन, वशाची शेवटची गाठ तीच. म्हातारीला जाऊन विचारावं, हे काही तिला सुचलं नाही. तिनं बासुंदी आटवली, सवाष्णी बोलावल्या, ओट्या भरल्या आणि दिवे लागल्यावर स्वतः पाटावर बसली. एक वाटी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. सकाळी उठली तर पातेल्यात बासुंदी उरलेली. वसा तर पुरा झाला, असं म्हणून तिनं पातेलं पुसून घेतलं. मग खव्याची चव आली, मग जिलेबीची चव आली, मग बोटं फडक्याकडं जाईनाशी झाली.

उतली, मातली, वसा टाकला. श्रावणात पट्टा आवळला. दसऱ्याला फासा लागेना. दिवाळीला गेलेलं अंग परत आलं, आणि येताना आणखी थोडं सोबत घेऊन आलं. सोनारणीनं दारावरून जाताना विचारलं, कड्या चार पुरतील की सहा करू. येत्या चैत्रात आपल्या हातून मान जाणार, हे बनाबाईला दिसू लागलं. सासू नुसती संध्याकाळी ओसरीवर बसून डोंगराकडं बघे, आणि बनाबाईला ते बघणं टोमण्यापेक्षा जड जाई.

मग बनाबाईनं स्वतःच्या मनानं वसा धरला. पहिल्यांदा रागानं धरला. अन्नाला शिवायचंच नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी भोवळ आली, पाक करपला, नवऱ्यानं तिला उचलून आत नेलं. दुसऱ्यांदा चतुराईनं धरला. फराळाचं चालतं म्हणाली, आणि साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू दिवसभर चालू ठेवले. उपास घडला आणि अंग वाढलं. तिसऱ्यांदा भीतीनं धरला. सोमवारी धरला, मंगळवारी कोणीतरी पेढा हातावर ठेवला, तो तोंडात गेला. मोडलंच आहे, तर आता काय, असं म्हणून तिनं परातच पुढं ओढली. मग पुढच्या सोमवारची वाट बघत बसली. असे किती सोमवार आले आणि गेले, ते तिलाच माहीत.

पौषात संक्रांत आली. बनाबाई बारवेवर सुगडं धुवायला गेली. पायरीवर तीच म्हातारी, तेच रिकामं पान. बनाबाईला इतकी लाज वाटली की ती बारवेच्या कोनाड्यात शिरून उभी राहिली. कोनाडा लहान, बाई मोठी, पदर बाहेर राहिला. म्हातारीनं पदर ओढला.

"अगं, लपतेस कोणापासून? मी काय तुझं अंग मोजायला बसले आहे?"

बनाबाई पायावर पडली. म्हणाली, "आजी, मी उतले, मातले, वसा टाकला. तुम्ही म्हणालात तसंच झालं. आता मला वसा मिळायचा नाही. एकदा मिळवून घालवला, त्याच्यापेक्षा कधी मिळालाच नसता तर बरं होतं."

"टाकलास तर कुठं टाकलास?"

"म्हणजे?"

"वसा काही पळून जात नाही. जिथं टाकलास तिथंच पडला आहे. वाकून उचल. आणि हे सांग, डोंगर चढताना घागर हिंदकळते की नाही?"

"हिंदकळते. खांदे भिजतात."

"मग हिंदकळली म्हणून ती पालथी घालतेस का?"

"नाही, पालथी कशी घालीन?"

"एक पेढा खाल्लास, ते हिंदकळणं. परात पुढं ओढलीस, ती घागर पालथी घातलीस. हिंदकळलं तर उभी राहा, दम घे, पुढं चाल. सोमवार कशाला हवा? दुसऱ्या दिवशी पाहुणी येणारच आहे. आणि उद्यापन कोणी सांगितलं तुला? भूक रोज येते. जी रोज येते तिचं उद्यापन कसलं? तो पट्टाही रोज लावून बघू नकोस. सासूच्या पेटीत ठेव आणि विसर."

एवढं बोलून म्हातारीनं पान गुंडाळलं आणि ती पायऱ्या उतरून गेली. बनाबाईनं वाकून बघितलं. खाली नुसतं पाणी होतं.

मग बनाबाईनं पुन्हा वसा धरला. रागानं नाही, चतुराईनं नाही, भीतीनं नाही. वाकून उचलावा तसा उचलला. पट्टा सासूच्या हाती दिला. ओलं फडकं पुन्हा कढईपाशी आलं. दिवस माथ्यावर आला की पान मांडावं, दिवे लागले की उचलावं. पहिल्या वर्षी जे अंग झरझर उतरलं होतं ते आता हट्टी झालं होतं, जागचं हलेना. बनाबाई कुरकुरली, पण पान वेळेवर उचलत राहिली.

रथसप्तमीला सोनाराकडं हळदीकुंकू होतं. सोनारणीनं मुद्दाम बशीत पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं. दिवे लागून गेले होते. बनाबाई नाही म्हणायला गेली आणि हात पोळीवर गेला. एक खाल्ली. सोनारीण दुसरी वाढायला वाकली, गालात हसत. बनाबाईच्या मनात तेच जुनं आलं, मोडलंच आहे, तर आता काय. हात बशीच्या काठावर थांबला. खांद्यावर गार पाणी सांडल्यासारखं तिला वाटलं. ती उठली, कुंकू लावून घेतलं, पोळी छान झाली होती म्हणाली आणि घरी आली. घरी करंज्यांचा डबा उघडा होता. तिनं त्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी पाहुणीची वाट बघितली. पाहुणी वेळेवर आली. त्या दुपारी बनाबाई भाकरीचा तुकडा मोडताना एकटीच हसली, कारण इतक्या खेपांत पहिल्यांदा दुसरा दिवस दुसऱ्याच दिवशी आला होता.

मग असं अनेकदा झालं. कधी बारसं, कधी पाहुणे, कधी नुसतीच उदास संध्याकाळ. हिंदकळलं, उभी राहिली, पुढं चालली. सासूनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मग तीही दिवेलागणीला पान उचलू लागली. तिचे गुडघे तेवढे हलके झाले.

चैत्र आला. न्हाणाचा दिवस आला. सासूनं पेटी उघडली. पट्टा बनाबाईच्या कमरेभोवती घातला, बनाबाईनं डोळे मिटून घेतले. फासा अगदी शेवटच्या कडीत लागला. मागच्या वर्षी तो आतल्या कडीत होता. बनाबाईचं तोंड उतरलं. सासू म्हणाली, "लागला ना? डोंगर काही कडी बघून चढू देत नाही." आणि तिनं स्वतःच्या हातानं सुनेच्या डोक्यावर घागरीखालची चुंबळ ठेवली.

बनाबाई निघाली. सगळं नगर वाटेच्या दोन्ही बाजूंना. पिंपळाच्या पारापाशी सोनारीण उभी, आणि तिच्या हातात स्वतःसाठी आणलेली नवी कोरी रेशमी चुंबळ. बनाबाईनं ती पाहिली. छाती भरून आली, पाय लटलटले, घागर हिंदकळली, पाणी डोळ्यांत गेलं. गुरव पुढं झाला. बायकांनी श्वास धरला. पार हाताच्या अंतरावर होता, सावली होती, नुसतं बसायचं होतं.

बनाबाई उभी राहिली. दम घेतला. पुन्हा घेतला. रोज सकाळी रिकाम्या पोटी वाट बघायची तिला सवय झाली होती, तशीच तिनं आपल्या दमाची वाट बघितली. दम आला. मग तिनं पाऊल उचललं, दुसरं उचललं, आणि पार मागं पडला. वर पोचली तेव्हा घागर पाऊण भरलेली होती. तिनं ती देवीवर रिती केली. पाणी मुखावरून ओघळलं, आणि बनाबाईनं बघितलं, देवीचा चेहरा जेवून उठल्यासारखा होता, ओळखीचा होता. खाली सासू लहान पोरीसारखी टाळ्या पिटत होती.

पूजा होईपर्यंत दिवे लागले. गुरवानं शिऱ्याच्या प्रसादाचा द्रोण बनाबाईच्या हातावर ठेवला. बायका ओरडल्या, वसा फळला, बनाबाई, उद्यापन कधी? बनाबाईनं प्रसाद कपाळाला लावला, द्रोणावर पान घातलं आणि पदरात बांधला. म्हणाली, "हा उद्या दुपारी पाहुणीला वाढीन. या वशाला उद्यापन नाही."

उतरताना पारापाशी सोनारीण थांबली होती. चुंबळ पाठीमागं लपवलेली. तिनं खाली बघत विचारलं, "बनाबाई, मलाही सांगशील? पण तुझं बघून मी तीनदा धरून तीनदा टाकलाय."

बनाबाईनं तिचा हात धरला. म्हणाली, "मग तुला ठिकाण माहीत आहे. चल, उचलू."

जशी भूकमाई बनाबाईला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. जिचा वसा सुटला असेल तिला तो उद्याच सापडो. अक्षता वाहा, बायांनो. बाकीच्या कहाण्या इथं सुफळ संपूर्ण होतात. भूकमाईची ही कहाणी सुफळ झाली, पण संपूर्ण नाही. ती उद्या दिवस माथ्यावर आला की आपापल्या पानापाशी पुन्हा सुरू करायची.