चौकोनात न मावलेली खाडी

संगणक नवा होता आणि बगळे अजून बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. बंदराच्या टेकडीवर बसून एक संगणक लाटांचा अंदाज सांगायचा. त्यासाठी त्याने अख्ख्या किनाऱ्याचे मोठमोठे चौकोन पाडले होते. ज्या चौकोनात जमीन जास्त, तो सगळा चौकोन त्याच्या लेखी जमीनच.

एके दिवशी तो म्हणाला, "उद्या वादळ येणार. लाटा दोन पुरुष उंच." त्याचा अंदाज कधी चुकत नसे, म्हणून बंदरातल्या मोठ्या बोटींनी लगेच दुसरा दोर बांधून घेतला.

शेजारच्या चिंचोळ्या खाडीत एक होडी होती. तिने बगळ्याला टेकडीवर पिटाळलं. "विचार रे बाबा, आमच्याकडे काय होणार?"

बगळा उत्तर घेऊन आला. "तो म्हणतो, तिथे लाटा नाहीत. तिथे जमीन आहे."

होडी चक्रावली. "मग माझ्याखाली हे हलतंय काय?"

"मलाही पाणीच वाटतं. पण एवढा हुशार तो, उगीच कशाला सांगेल?"

"तेही खरंच," होडी म्हणाली. "आणि जमिनीवर दुसरा दोर हवाय कुणाला!"

वादळ आलं. तिचा एकुलता दोर तुटला आणि होडी खडकावर आपटून बुडाली.

बगळा धापा टाकत टेकडीवर गेला. "होडी बुडाली हो!"

संगणकाने सगळे चौकोन पुन्हा तपासले. "जमिनीवर होड्या बुडत नाहीत. नीट बघून ये."

बगळा परत येऊन खाडीत उतरला. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. एक पाय वर घेऊन तो कितीतरी वेळ विचार करत राहिला, की आपण उभे आहोत ते नक्की कशात?