पिवळा दिसला की उचल

गावात एखादा भोळा असतोच. आमचा भोळा डॉक्टरकीच्या कॉलेजात होता. नाव सुबोध. नावावर जाऊ नका.

शेवटच्या वर्षाला त्याला करंजपाड्यावर पाठवलं. पाड्यावरची माणसं दवाखान्याची पायरी चढत नसत. तिथल्या डॉक्टर सबनीस मॅडम म्हणाल्या, "पाडा तपासणीला आला, तर तू पास. नाही आला, तर पुढच्या वर्षी पुन्हा इथंच."

सुबोध पहिल्याच झोपडीत शिरला आणि चुलीपुढच्या म्हातारीच्या तोंडात थर्मामीटर घातला. म्हातारीनं त्याला फुंकणीनं बडवला.

मॅडम म्हणाल्या, "अरे, आधी बसावं. चहा घ्यावा. गुराढोरांची, पोराबाळांची विचारपूस करावी. मग आजार."

"बरं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी तो चिंतामणकडे गेला. चिंतामणला कावीळ झालेली. डोळे पिवळेधमक, उभं राहवत नव्हतं. सुबोध बसला. चहा मागितला. गाय दूध किती देते ते विचारलं. शेळ्यांची चौकशी चालली होती, तेवढ्यात चिंतामण धाडकन आडवा झाला. शेजाऱ्यांनी डोलीत घालून दवाखान्यात आणला, म्हणून बिचारा वाचला.

मॅडमचा पारा चढला. "अरे शहाण्या, माणूस पिवळा दिसला की गप्पा मारायच्या नाहीत. उचलायचा, गाडीत घालायचा, दवाखान्यात न्यायचा. मग कुणी काही का म्हणेना."

"बरं, मॅडम."

तिसऱ्या दिवशी पाड्यावर लहानूची हळद होती. नवरदेव पाटावर बसलेला, कपाळापासून पायापर्यंत पिवळा. सुबोधनं त्याला पाटासकट उचलला.

"डॉक्टर, माझं लग्न आहे."

"कुणी काही का म्हणेना," सुबोध म्हणाला आणि गाडी सुटली. मागून अख्खं वऱ्हाड धावलं. वाजंत्रीवालेही धावले, वाजवत.

मॅडमनी कपाळाला हात लावला. लहानूच्या आईपुढे हात जोडून माफी मागितली. बाई भली. ती हसतच सुटली. "जाऊ द्या हो. पोरगं खुळं आहे, पण मनाचं वाईट नाही. आता आलोच आहोत, तर आम्हाला तपासा तरी."

सगळा पाडा रांगेत बसला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मॅडमना फार बरं वाटलं. "सुबोध, तू पास," त्या म्हणाल्या आणि सहीला पेन उघडलं.

तेवढ्यात लहानूच्या आईनं मायेनं मॅडमच्या दोन्ही गालांना हळद फासली.

सुबोधनं पाहिलं. मॅडम पिवळ्या. इथल्या डॉक्टरच आजारी, म्हणजे जिल्ह्याचा दवाखाना गाठायला हवा. त्यानं मॅडमना खुर्चीसकट उचललं आणि गाडीत घातलं.

"अरे, नापास करीन तुला," मॅडम आतून पेन हलवत ओरडत होत्या.

"कुणी काही का म्हणेना, मॅडम."