चूकदुरुस्ती कुणासाठी?

शाळेत खेळ शिकवून घोरपडेबाई निवृत्त झाल्या, पण रग्बीचं वेड काही सुटलं नाही. परदेशातला सामना भारताच्या मुलींनी जिंकला, तेव्हा गावच्या पेपरात आल्या दोनच ओळी. बाई तिसऱ्या दिवशी थेट संपादकांसमोर उभ्या राहिल्या.

"अहो बाई, रग्बी वाचतंय कोण?" संपादक खुर्चीत रेलून म्हणाले.

"त्या दोन ओळींत तुम्ही जिंकलेल्या मुलींना हरवलंत. आज चूकदुरुस्ती छापलीत. कुणी वाचतच नाही, तर ती कुणासाठी?"

शेजारचा उपसंपादक हळूच म्हणाला, "साहेब, चूक सांगणारा पहिला फोन कर्णधाराच्या आईचा होता. 'माझी पोर जिंकलीय हो,' एवढंच म्हणत होत्या."

संपादक खुर्चीत नीट बसले. "लावा त्यांना फोन. पहिल्या पानासाठी पोरीचा फोटो मागा."